कुंडीतली सदाहरित झुडपं: आधी तो लाल मातीचा गोळा सोडवा

कुंती, तगर, एक्झोरा, अनंत, जास्वंद, क्रोटन, बोगनवेल. मुंबईच्या हवेत ही झुडपं कुंडीत बारा महिने हिरवी राहतात. तरी घरोघरी ती वर्षभरात माना टाकतात आणि दोष कधी उन्हाला जातो, कधी पाण्याला, कधी शेजारणीच्या नजरेला. खरी गोम बहुतेक वेळा कुंडीच्या आत, नर्सरीतून आलेल्या मातीच्या गोळ्यात असते. बाकीची कामं सोपी आहेत, ती आधी उरकू.

झाड, जागा, कुंडी

झाड दिशा बघून घ्या, फोटो बघून नव्हे. पश्चिमेचं तापलेलं ऊन असेल तर बोगनवेल, जास्वंद, कण्हेर. पूर्वेचं तीन-चार तासांचं ऊन असेल तर कुंती, तगर, अनंत. उत्तरेच्या खिडकीत फुलांचा हट्ट सोडा आणि शेफ्लेरा किंवा अरेलिया लावा. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात बोगनवेल आणि कण्हेर तग धरतात, अनंत धरत नाही. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कण्हेर नकोच. तिचं मुळापासून फुलापर्यंत सगळं विषारी आहे.

नर्सरीत फुलं मोजत बसू नका. बुंधा धरून हळूच हलवा. खोडासोबत पिशवीतली मातीही हलली तर मुळं धरलेली आहेत. खोड एकटंच डुललं तर झाड नुकतंच पिशवीत कोंबलेलं आहे, ते ठेवून द्या.

कुंडी १२ इंची घ्या. तिच्यात साधारण १६ लिटर मिश्रण बसतं आणि ओली झाली की वजन २० किलोच्या आसपास जातं. नुसती लाल माती भरली तर २५च्या वर. हे ओझं कठड्यावर किंवा ग्रिलच्या पट्ट्यांवर ठेवायचं नाही, मग कुंडी तिथे कितीही छान दिसो. तळाला एकच भोक असेल तर ड्रिलने आणखी चार पाडा.

मिश्रण

लाल माती ३ भाग, धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) २, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत २, आणि जाड साहित्य ३ भाग: कोको चिप्स (नारळाच्या सोडणाचे तुकडे), परलाइट (हलके पांढरे खडे) किंवा तूरडाळीएवढा चाळलेला विटेचा चुरा. वर मूठभर नीमपेंड. चौपाटीची वाळू फुकट मिळते म्हणून आणू नका, तिच्यातलं मीठ मुळं जाळतं.

तळाला खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा थर घालायचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही. थराच्या वरच अडून राहतं. भिजलेला स्पंज उभा धरला की पाणी त्याच्या खालच्या टोकाला धरून राहतं, कुंडीतही तेच होतं. खडी घातली की तो चिखलाचा पट्टा वर, थेट मुळांपर्यंत सरकतो. भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. निचरा मिश्रणात असतो, तळाला नव्हे.

गोळा

आपल्याकडच्या नर्सऱ्यांत येणारी बरीच झाडं आंध्रातल्या कडियमहून किंवा पुण्याजवळच्या उरुळी कांचनकडून ट्रकने येतात. वाटेत मुळं उघडी पडू नयेत म्हणून ती चिकण लाल मातीत घट्ट थापलेली असतात. प्रवासासाठी हे ठीक आहे, पण कुंडीत हाच गोळा झाडाच्या जिवावर उठतो. भोवतीच्या भुसभुशीत मिश्रणात तसाच ठेवला तर उन्हाळ्यात पाणी गोळ्याच्या कडेकडेने उतरून भोकातून बाहेर येतं. आपल्याला वाटतं झाड भिजलं, आत मात्र गोळा कोरडा ठणठणीत. पावसाळ्यात उलटं: एकदा भिजलेला गोळा आठवडाभर वाळत नाही, हवा कोंडते आणि मुळं सडतात. ‘माती अजिबात हलवू नका, झाडाला धक्का बसेल’ हे वाक्य यातल्या निम्म्या झाडांच्या मृत्यूला जबाबदार आहे.

दुसरं टोकही तितकंच वाईट. नळाखाली धरून सगळी माती धुऊन काढली तर अन्नपाणी ओढणारी केसासारखी मुळं तुटतात. हिवाळ्यात पानं झाडून निजणाऱ्या झाडाला हे चालतं. सदाहरित झुडपाची पानं तर अंगावरच असतात आणि रोज पाणी उडवत असतात. मुळं कमी, पानं तेवढीच, मग दोन दिवसांत झाड लोळतं.

म्हणून वेळ महत्त्वाची. जूनअखेर ते ऑगस्ट, पाऊस स्थिरावल्यावर, ढगाळ दिवस बघून हे काम करा. हवा दमट असली की पानं पाणी कमी उडवतात. मे आणि ऑक्टोबरमध्ये हात लावू नका. झाड तेव्हा आणलंच असेल तर पिशवीतच सावलीत सांभाळा.

गोळा पिशवीसकट बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. तासभर तरी लागतो. मग पिशवी कापून काढा आणि बांबूच्या काडीने बाहेरून आत माती सुटी करत जा, मधूनमधून मगाने पाणी ओता. बाहेरची एक तृतीयांश माती निघाली की थांबा. मधला गाभा राहू द्या, पण त्यात काडी खुपसून चार-पाच ठिकाणी आरपार भोकं पाडा. गोल फिरलेली मुळं कात्रीने सरळ कापा. नवी मुळं कापलेल्या जागेजवळून फुटतात. काळी, दाबल्यावर साल निसटणारी मुळं सडलेली असतात, ती पांढऱ्या भागापर्यंत उडवा. अपवाद बोगनवेलीचा. तिची मुळं ठिसूळ; गोळ्याला बाजूने तीन-चार उभ्या चिरा द्या आणि तशीच लावा.

मुळं कमी केली तेवढी पानंही कमी करा: शेंड्यांकडून पाव ते एक तृतीयांश छाटणी, कळ्या-फुलं सगळी खुडून. इथे हात आखडतो, फुलं असताना तर फारच. आखडू देऊ नका.

लावताना खोडाचा गळा पूर्वीच्याच पातळीवर ठेवा. त्यावर मातीचा ढीग केला की तिथली साल कुजते. मिश्रण अंगठ्याने ठासू नका, कुंडी जमिनीवर दोन-तीनदा आपटा, बसतं. वर दीड इंच जागा सोडा. भोकातून वाहीपर्यंत पाणी द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा. दहा-बारा दिवस सावली, महिनाभर खत नाही.

या दिवसांत दुपारी पानं मलूल होऊन संध्याकाळी सावरली तर घाबरू नका. सकाळीही लोंबलेलीच दिसली आणि माती ओली असेल तर आणखी पाणी घालणं म्हणजे खून. काडी चार इंच खुपसून बाहेर काढा आणि हुंगा. गटाराचा वास आला तर झाड उपसून मुळं तपासा.

रोजचं पाणी आणि पावसाळा

वेळापत्रक नको, तीच काडी वापरा. ओली माती चिकटून आली तर आज सुट्टी. मे महिन्यात पश्चिमेच्या कुंडीला रोज, क्वचित दोनदा लागेल. जुलैत पंधरा दिवस एक थेंबही नाही.

पावसाळ्याआधी खालच्या थाळ्या काढून कुंड्या विटांवर चढवा. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा एडिस डास वाढतो, आणि पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं तपासायला आली की आधी थाळ्याच बघतात. धो-धो पावसात खत घालू नका, वाहून खालच्या मजल्यावर जातं.

खत, पिवळेपणा, कीड

सप्टेंबरअखेर आणि फेब्रुवारीत दोन-दोन मुठी गांडूळखत. फुलझाडांना ऑक्टोबरपासून मेपर्यंत पंधरवड्याला १९:१९:१९ हे विरघळणारं खत १ ग्रॅम एक लिटर पाण्यातून, ओल्या मातीवरच.

एक्झोरा किंवा अनंताची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर लोह मिळत नाहीये. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्यावरच्या सोसायट्यांत आणि नव्या सिमेंटच्या कुंड्यांत हे जास्त होतं. चिलेटेड फेरस (पाण्यात विरघळणारं लोह), लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा. पंधरा दिवसांनी परत. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर मात्र आधी काडी खुपसून ओल बघा.

जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला की तो मिलीबग. जोराच्या पाण्याने धुवा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रवरूप साबण घालून आठवड्याने एकदा, असं तीन वेळा फवारा. पानांच्या बेचक्यात आणि खालून फवारलं नाही तर काही उपयोग नाही. मुंग्यांची रांगही तोडा, मिलीबगला झाडावर चढवतात त्याच.

दोन वर्षांनी पाणी मातीवर तुंबायला लागलं किंवा भोकातून मुळं डोकावली की झाड उपसा, भोवतीची दोन इंच मुळं-माती चाकूने कापून काढा आणि त्याच कुंडीत नवं मिश्रण भरा. पानं तेवढीच छाटा. पुन्हा जूनअखेरच.