पहिली नोकरी, पहिली नाईट

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं की आधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन उरका; पुण्यात मुलाखतीला मला पहिला प्रश्न त्याचाच आला. रूम हॉस्पिटलजवळच बघा. नाईट करून स्वारगेटला पीएमपी बसची वाट बघताना उभ्याउभ्या झोप लागते, अनुभव आहे.

ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटचा ताबा, घेताना कागदावर विसंबू नका, प्रत्येक बेडपाशी जा. माझ्या पहिल्याच नाईटला फाईलवर ‘ड्रिप चालू’ लिहिलेलं, आणि आजींचा हात सुजून टम्म! तेव्हापासून सुईची जागा बोटानं चाचपल्याशिवाय मी सही करत नाही. ड्रिपच्या थेंबांचं गणित पाठच करा: ५०० मिली, ८ तास, मिलीला २० थेंब पाडणारा सेट (ड्रिपची नळी), म्हणजे मिनिटाला साधारण २१. आणि वॉर्डातल्या मावशींशी जमवून घ्या. रात्री दोनला जास्तीची चादर त्याच काढून देतात.