वाइन द्राक्षे: मण्यात पाणी उतरल्यापासून काढणीपर्यंत

नाशिकच्या दिंडोरी, निफाड, सिन्नर पट्ट्यात सप्टेंबरमध्ये फळछाटणी (घड येण्यासाठीची छाटणी) घेतलेल्या वाइन द्राक्षांच्या बागांत पाणी उतरले आहे, म्हणजे मणी मऊ पडून त्यांत साखर भरू लागली आहे. ऑक्टोबरच्या बागा थोड्या मागे आहेत. इथून काढणीपर्यंतच्या महिना-दीड महिन्यात खायच्या द्राक्षांची सवय बाजूला ठेवायला हवी. थॉमसन या खायच्या जातीत जे बरोबर, तेच शिराझ या वाइनच्या लाल जातीत नुकसान करते.

आपल्याकडे लावलेल्या बहुतेक जाती मूळच्या फ्रान्सच्या. शेनिन ब्लाँ लुआर खोऱ्यातली, पण आज तिची सर्वात मोठी लागवड दक्षिण आफ्रिकेत आहे. सोव्हिन्यो ब्लाँने न्यूझीलंडच्या मार्लबरोत नाव कमावले, शिराझने ऑस्ट्रेलियात. त्या देशांची वेळापत्रके मोबाइलवर सहज मिळतात, पण ती जशीच्या तशी लावू नका. तिकडे वर्षाला एकच छाटणी असते (आपल्याकडे दोन) आणि घड पिकत जातात तसतशा रात्री थंड होत जातात. नाशिकमध्ये उलटे घडते. पाणी उतरते डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आणि पिकण्याचा शेवट येतो फेब्रुवारी-मार्चच्या वाढत्या उन्हात. ऊन तापले की मण्यातले आम्ल झपाट्याने उतरते. म्हणून ‘अजून आठ दिवस थांबू, ब्रिक्स (रसातली साखर) वाढेल’ हा हिशेब इथे अनेकदा अंगाशी येतो. ब्रिक्स वाढतो, पण रस मिळमिळीत होतो.

आधी पाण्याचे बघा. वाइनचा रंग, सुगंध आणि तुरटपणा मुख्यतः सालीतून व बीमधून येतो. मणी लहान असेल तर रसाच्या मानाने साल जास्त मिळते. त्यामुळे फुगवणीसाठी जीए (जिबरेलिक आम्ल हे संजीवक) नको आणि या अवस्थेत भरपूर पाणीही नको. ठिबकचा वेळ टप्प्याटप्प्याने कमी करा. शेंड्याची वाढ थांबलेली आणि घडाजवळची पाने मात्र हिरवी, टवटवीत, अशी वेल दिसली की पाणी बरोबर बसले समजा. हलक्या मुरमाड जमिनीत एकदम पाणी तोडू नका; पाने पिवळी पडली तर साखर भरणेच थांबते. डॉगरिज या जोमदार खुंटावर कलम केलेली वेल भारी जमिनीत शेंडा चालूच ठेवते, तिथे शेंडा मारा आणि बगलफुटी (पानांच्या बगलेतले फुटवे) काढा. बगलफुटींवर आलेले उशिराचे हिरवे घडही आत्ताच काढून टाका, नाहीतर ते काढणीत मिसळतात. पाने विरळ करायची असतील तर सकाळचे ऊन येते त्या बाजूची करा. पश्चिमेकडची सावली राहू द्या, दुपारच्या उन्हाने मणी भाजतात.

गोडीसाठी शेवटी ०-०-५० (पालाशाचे खत) सोडण्याची पद्धत खायच्या द्राक्षात रुळलेली आहे. वाइन द्राक्षात पालाश जास्त झाला की रसाचा सामू (पीएच) चढतो आणि वाइन टिकायला अवघड जाते. पानदेठ परीक्षणात कमतरता दिसली तरच पालाश द्या.

फवारणीबाबत सर्वात जास्त काळजी घ्या. भुरी या बुरशीजन्य रोगासाठी गंधक स्वस्त आणि हमखास आहे, पण काढणीच्या किमान महिनाभर आधी ते बंद करा. मण्यावर राहिलेले गंधक टाकीत जाते आणि आंबताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. तांब्याची बुरशीनाशकेही उशिरा नकोत. सोव्हिन्यो ब्लाँचा खास सुगंध तांब्यामुळे मरतो, आणि त्या जातीला भाव त्या सुगंधासाठीच मिळतो. उशिराच्या भुरीला अँपेलोमायसिस किंवा बॅसिलस सबटिलिससारखी जैविक बुरशीनाशके वापरा. इतर औषधांसाठी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीतला काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांतले किमान दिवस) पाळा आणि प्रत्येक फवारणी तारखेसह वहीत लिहून ठेवा. वायनरी ती वही मागू शकते.

या दिवसांत अवकाळी पावसाचे ढग दिसले तर आधी शेनिन आणि झिनफँडेलच्या ओळीत जा. त्यांचे घड घट्ट असतात. आत एक मणी तडकला की कूज घडभर पसरते. आंबट वास येणारे, चिलटे बसलेले घड काढून बागेबाहेर न्या.

काढणी कधी करायची ते मण्यांवरून ठरवा. बांधाजवळच्या ओळीतला गोड मणी चाखून फसू नका. प्लॉटभर फिरून, वेलीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरून, मधून आणि खालून शंभर-दोनशे मणी घ्या, पिशवीत चुरडा आणि एकत्र रसाचा ब्रिक्स बघा. दर दोन-तीन दिवसांनी त्याच वेळेला तपासा, आम्ल व सामू वायनरीकडून काढून घ्या. बी तपकिरी झाली का तेही पाहा, विशेषतः लाल जातींत. साधारणपणे सोव्हिन्यो ब्लाँ आधी येते, मग शेनिन, पुढे शिराझ आणि शेवटी कॅबरने सोव्हिन्यो. पांढऱ्या जाती २०-२२ ब्रिक्सला, लाल २३-२४ च्या आसपास, आणि स्पार्कलिंग (फसफसणाऱ्या) वाइनसाठीची शेनिन त्याहून बरीच आधी, आम्ल चांगले असताना. शिराझमध्ये एक पाहा: मणी सुरकुतू लागल्यावर वाढणारा ब्रिक्स बराचसा पाणी उडाल्यामुळे असतो. त्यात वजन तुमचे घटते. भाव ब्रिक्सवर आहे की वजनावर, किती ब्रिक्सला काढायचे आणि गाडीची तारीख कोणती, हे वायनरीशी आत्ताच लेखी ठरवून घ्या. टाकी रिकामी नाही म्हणून पिकलेली बाग उभी राहिली तर तोटा बागायतदाराचाच.

तोडणी पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत संपवा. कॅरेट काठोकाठ भरू नका. खालचे मणी फुटले की रस वाटेतच आंबायला लागतो. भरलेले कॅरेट सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी पोहोचवा.

शेवटची गाडी गेल्यावर ठिबक बंद करून बाग वाऱ्यावर सोडू नका. हलके पाणी चालू ठेवा आणि भुरी, मिलीबगवर लक्ष असू द्या. एप्रिलच्या खरडछाटणीपर्यंत (नव्या काड्यांसाठीची छाटणी) पाने जितकी टिकतील तितका अन्नसाठा काडीत आणि मुळांत भरतो, आणि नवी फूट त्यावरच निघते.