साकवाची फाईल

राज्यसेवेतून गटविकास अधिकारी होऊन कोकणात येताय? मग हे वाचा. पंचायत समितीचे सचिव आपण, अध्यक्षस्थानी सभापती. त्यांची मुदत अडीच वर्षं, आपली साधारण तीन. घाई कुणाला, ते यावरून ओळखा.

माझी पहिली नेमणूक सिंधुदुर्गात. आठवडा झाला नाही तोच सभापतींचा फोन: अमुक व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, साकव (छोटा पादचारी पूल) हवा, गणपतीआधी. जागेवर गेलो तर पलीकडे नुसती हापूसची कलमं. कुणाची, ते विचारू नका. वाडीतली माणसं त्याच्या बरीच वर, गुडघाभर पाण्यातून ये-जा करत होती. मी तोंडावर सांगून टाकलं, 'नियमात बसत नाही.' पुढच्या मासिक सभेत 'अधिकारी मस्तवाल झालेत' या एकाच विषयावर सगळे पक्ष एकत्र आले.

मग जुन्या अधीक्षकांनी शाळा घेतली. फाईलवर 'नाही' लिहायचं नसतं, 'सादर' लिहायचं असतं. टिपणीची पहिली ओळ, 'मा. सभापती महोदयांच्या तोंडी सूचनेनुसार'. खाली ग्रामसभेचा ठराव, जागेचं संमतीपत्र, अंदाजपत्रक मागायचं.

दुसऱ्याच दिवशी सभापती हजर. "सायबानू, ता तोंडी-बिंडी काढून टाका."

"काढतो. आपण लेखी द्या."

बराच वेळ पेन फिरवून त्यांनी शेरा मारला: 'नियमानुसार कार्यवाही करावी.' हा शेरा नीट वाचायला शिका. काम झालं तर त्यांनी केलं, अडलं तर आपण नियम काढला.

2005 च्या बदल्या आणि दिरंगाईविषयीच्या कायद्याप्रमाणे फाईल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त ठेवता येत नाही. म्हणून मुरलेलं टेबल सहाव्या दिवशी त्रुटी काढून ती परत धाडतं. मीही तेच केलं, अभिमान नाही. त्याच कायद्यात मुदतीआधी बदली करायची तर कारण लेखी नोंदवावं लागतं. आदेशात बहुधा 'प्रशासकीय कारणास्तव' एवढंच असतं, पण मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, ते दरवेळी टिकत नाही, हे लक्षात असू द्या.

31 मार्च आला, निधी परत गेला. वाडीवाल्यांनी चार पोफळी तोडून व्हाळावर टाकल्या. गणपतीत आरतीला दोघांनाही बोलावणं होतं. पोफळीवर माझा बूट सटकला, तर सभापतींनीच हात धरला.

"जपान सायबानू. ह्या साकवाची फाईल नाय."