विमा आणि बचत एकाच वेळी अडचणीत येऊ नये म्हणून काय तपासावे

जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल पट्ट्यात वादळाने केळीच्या बागा आडव्या झाल्या, की शेतकऱ्याचे उत्पन्न बुडते, त्याच बागांवर कर्ज दिलेल्या पतसंस्थेची वसुली थांबते आणि विमा कंपनीकडे तालुकाभराचे दावे एकदम येतात. एकाचे घर जळाले तरी बाकीच्यांची शाबूत राहतात, या हिशेबावर विमा व्यवसाय उभा असतो. सगळ्यांचे नुकसान एकाच वेळी झाले की तो हिशेब कोलमडतो. प्रणालीगत वित्तीय जोखीम हीच. देशपातळीवर ती बँका, रोखे आणि विमा कंपन्या यांच्यातून पसरते. आपले कुटुंब तिच्यात किती अडकले आहे, हे घरबसल्या तपासता येते.

प्रथम प्रत्येक ठेव, पॉलिसी आणि फंड कागदावर लिहून, पैसे देण्याची जबाबदारी नेमकी कोणाची आहे ते समोर मांडावे. बँकेच्या काउंटरवर घेतलेली पॉलिसी बँकेची नसते. तिच्यावर ज्या विमा कंपनीचे नाव व नोंदणी क्रमांक छापलेला असतो, तिनेच दावा द्यायचा असतो. सर्व काही एकाच उद्योगसमूहाचे निघाले, तर पुढची गुंतवणूक दुसरीकडे करावी.

नंतर त्या कंपनीच्या संकेतस्थळावरील ‘पब्लिक डिस्क्लोजर’ विभागात सॉल्व्हन्सी रेशो, म्हणजे देणी भागवण्याची कंपनीची क्षमता दाखवणारे गुणोत्तर, पाहावा. देणी वजा जाता उरणारी मालमत्ता नियामकाने ठरवलेल्या गरजेच्या किमान दीडपट, म्हणजे हा आकडा किमान १.५ असावा लागतो. एकाच तिमाहीवर विसंबू नये. तो सलग घसरत असेल, तर १.५ च्या वर असूनही सावध व्हावे.

मात्र हा आकडा सर्व काही सांगत नाही. २००८ मध्ये अमेरिकेतील एआयजी हा विमा समूह कोसळण्याच्या बेतात आला, तो नेहमीच्या विमा दाव्यांमुळे नव्हे. समूहातील एका विभागाने गृहकर्जांवर आधारलेल्या रोख्यांची हमी घेतली होती, शिवाय विमा कंपन्यांकडील रोखे उसने देऊन मिळालेली रक्कमही तशाच रोख्यांत गुंतवली होती. अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्ह हिला ८५ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर करावे लागले. जपानमध्ये १९९७ ते २००१ या काळात सात आयुर्विमा कंपन्या बुडाल्या. व्याजदर कोसळले तरी जुन्या पॉलिसींवर कबूल केलेला चढा परतावा द्यायचाच होता. म्हणून वीस-तीस वर्षांच्या हमीचा आकडा जितका मोहक, तितकी कंपनी अधिक कसून तपासावी, असे माझे ठाम मत आहे.

एलआयसी, जीआयसी री (विमा कंपन्यांचाच विमा उतरवणारी पुनर्विमा कंपनी) आणि न्यू इंडिया अॅश्युरन्स यांना विमा नियामक आयआरडीएआयने प्रणालीच्या दृष्टीने महत्त्वाच्या कंपन्या ठरवले आहे. त्यामुळे त्यांच्यावरील देखरेख कडक होते, पण केवळ तेवढ्याने सरकारची हमी मिळत नाही. एलआयसीच्या पॉलिसींना ती आहे, पण १९५६ च्या स्वतंत्र कायद्याच्या कलम ३७ मुळे.

बँकेतील ठेवीला, सहकारी बँकेतीलही, व्याजासह प्रति ठेवीदार ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवींना ते नाही, विमा पॉलिसीलाही नाही. केळीचा पैसा केळी उत्पादकांनाच कर्ज देणाऱ्या पतसंस्थेत ठेवणे ही आपल्याकडची मला सर्वांत धोक्याची वाटणारी सवय आहे, कारण बाग आणि ठेव एकाच वादळात सापडतात. हवामान आधारित फळपीक विम्यात भरपाई बहुतांशी हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरते, आपल्या बागेच्या पाहणीवर नव्हे, आणि ती हाती यायला वेळ लागतो. म्हणून केळीच्या मृगबाग किंवा कांदेबाग हंगामातील पुढील लागवडीचा खर्च भागेल इतकी रक्कम वेगळ्या बँकेत मोकळी ठेवावी.

कंपनीविषयी अफवा उठली म्हणून पॉलिसी सरेंडर करू नये, म्हणजे मुदतीआधी बंद करून पैसे परत घेऊ नयेत, कारण सुरुवातीच्या वर्षांत त्यात निश्चित तोटा होतो. कंपनी खरोखरच कमकुवत आढळली, तर तिच्याकडे नवी बचत देणे थांबवावे. मात्र टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा) असेल, तर नवी पॉलिसी हाती येईपर्यंत जुन्या पॉलिसीचा हप्ता चुकवू नये. आरोग्य विम्यासाठी नूतनीकरणाच्या बऱ्याच आधी पोर्टेबिलिटीचा, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा, अर्ज करावा, म्हणजे जुन्या आजारांसाठी पूर्ण केलेला प्रतीक्षा काळ नव्या कंपनीकडेही धरला जातो.