नेदरलँड्सच्या डेल्फ्टला पाणीपुरवठा शिकायला जाताय? मोठा पाइप टाकायची सवय आधी सोडा

सिव्हिल झालंय, ईपानेट (पाइपांच्या जाळ्यातला प्रवाह आणि प्रेशर काढणारं सॉफ्टवेअर) थोडंफार हाताळलंय असं धरूनच लिहितोय. फी, व्हिसा, रूम हे सीनियर सांगतीलच. मी जिथे अडकलो तेवढंच नीट सांगतो.

आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की शंका आली तर एक साइज वरचा पाइप टाका. पाणी तासदोन तास येणार, सगळे एकदमच भरणार, वर पुढच्या तीस वर्षांची लोकसंख्या, त्यामुळे आपल्याकडे ते बरोबरच आहे. नेदरलँड्समध्ये नेमकं हेच नडतं. तिथे पाणी चोवीस तास, गच्चीवर टाक्या नाहीत आणि नळाच्या पाण्यात क्लोरीनही नाही. १९७४ मध्ये रसायनतज्ज्ञ योहान्स रूक यांनी रॉटरडॅमच्या पाण्यात क्लोरीनमुळे क्लोरोफॉर्म हा घातक पदार्थ तयार होतो हे दाखवलं, त्यानंतर हळूहळू क्लोरीन बंदच होत गेलं. आपण शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिग्रॅ क्लोरीन सापडलं की निश्चिंत. तिथे तो आधार नाही, म्हणून पाइप आतून स्वच्छ राहायलाच हवा.

आता हिशोब बघा, कागदावर स्वतः करा. गल्लीतल्या पाइपात दिवसातून एकदा तरी, सकाळच्या गर्दीला, वेग ०.४ मीटर प्रति सेकंद गेला पाहिजे, तरच तळाचा गाळ उठून वाहून जातो. आतला व्यास १०० मिमी असेल तर त्याला सेकंदाला ३.१ लिटर लागतात, आणि पंधरा-वीस घरांच्या गल्लीत एवढं पाणी एकदम कुणी ओढतच नाही. ५७ मिमी धरा, १ लिटरमध्ये काम होतं. म्हणून नव्या वस्तीत बारीक पाइप, झाडाच्या फांद्यांसारखे पुढे अजून बारीक होत जाणारे. मोठा टाकला की गाळ साठत राहणार आणि कधीतरी हायड्रंट (आग विझवायचा रस्त्यावरचा नळ) उघडला की घरोघरी तपकिरी पाणी. मॉडेलमध्ये प्रेशर सगळीकडे मस्त दिसतं, म्हणून डिझाइन पास झालं असं वाटतं. नाही होत! आधी व्हेलॉसिटी बघा.

घाबरू नका, आठवडाभर बसलात की हे अंगवळणी पडतं, हायड्रॉलिक्स तेच आहे.

साठवणीचंही तसंच, उंच टाकी शोधत बसू नका. हेगसाठी मास नदीचं पाणी समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांत मुरवतात, साधारण दोन महिने ते तिथे राहतं. रॉटरडॅमसाठी बीसबॉस या नदीकाठच्या भागात तीन मोठे जलाशय आहेत, नदी खराब झाली की पाणी घेणं सरळ थांबवता येतं. मला तर नदीवर अवलंबून असलेल्या शहरासाठी यापेक्षा शहाणपणाचं काही दिसलेलं नाही.

सीनियरची रेडीमेड ईपानेट फाइल घेऊ नका, त्यात डिमांड (कुठे किती पाणी लागतं तो आकडा) कुठून आली हे त्यालाही सांगता येत नाही. प्रोफेसरपेक्षा पाणी कंपनीतला फ्लशिंग करणारा (जोरात पाणी सोडून पाइप धुणारा) माणूस गाठा, एक सकाळ त्याच्यासोबत जा. तो डचमध्येच बोलणार, त्यामुळे कोर्स इंग्रजीत असला तरी डच पहिल्या सेमिस्टरपासून सुरू करा, नोकरीच्या वेळी धावपळ केली तर उशीर झालेला असतो.