टोमॅटोचं आवडतं वाण ठरवताना या चुका टाळा

मार्च उजाडला की मराठवाड्यातल्या परसबागेतली आणि गच्चीवरची टमाट्याची झाडं थकतात. खालची पानं करपतात, फुलं गळतात आणि घरोघरी हिशोब सुरू होतो: पुढच्या वर्षी कोणतं वाण ठेवायचं, कोणतं सोडायचं? हा हिशोब पुष्कळदा चुकतो, कारण ज्याला आपण वाणाचा दोष म्हणतो तो खरं तर पाण्याचा, जागेचा किंवा लावणीच्या तारखेचा परिणाम असतो. त्यापायी चांगलं वाण हातचं जातं आणि सावलीत, मोठ्या कुंडीत वाढलेलं साधारण वाण पहिला नंबर पटकावतं. म्हणून झाडं उपटण्याआधी प्रत्येक दोषाचं कारण शोधा.

शेवटच्या तोड्यावरून निकाल लावणं

ही सर्वांत जास्त होणारी चूक. मार्चअखेरीस परभणी, जालना, बीडकडे दुपारचं तापमान ३८ ते ४० अंशांवर जातं. टमाट्याचा तांबडा रंग लायकोपीनमुळे येतो. फळाचं तापमान ३० अंशांच्या वर गेलं की लायकोपीन तयार होणं मंदावतं आणि ३५ च्या आसपास जवळजवळ थांबतं. पिवळं कॅरोटीन मात्र बनत राहतं. त्यामुळे जानेवारीत लालबुंद येणारं वाण मार्चमध्ये नारिंगी, फिकट दिसतं. यात वाणाचा काही दोष नाही. अशा दिवसांत फळाला रंग फुटताच, म्हणजे बुडाशी गुलाबी छटा दिसताच तोडा आणि घरातल्या गार कोपऱ्यात पिकवा. रंगाची तुलना करायचीच असेल तर सगळ्या वाणांची फळं याच अवस्थेत तोडून एकाच ठिकाणी पिकवून करा.

फुलगळीचंही तसंच. दिवसा ३५ च्या वर आणि रात्री २२-२४ अंशांच्या वर पारा राहिला की परागकण नीट काम करत नाहीत, फूल देठापासून गळतं. मार्चमध्ये कोणत्या झाडाला फुलं टिकली यावरून एवढंच कळतं की ते वाण उन्हाळ्याच्या तोंडाशी तग धरतं. ती नोंद उपयोगाची आहे, पण ती वेगळी लिहा. सबंध हंगामाच्या गुणांत मिसळू नका.

थंडीचा परिणाम उलट्या बाजूने होतो. डिसेंबरात परभणीकडे पारा १० अंशांखाली उतरतो. त्या दिवसांत घडलेल्या कळ्यांची फळं वेडीवाकडी, खालच्या बाजूला तपकिरी चट्टा आणि घड्या पडलेली येतात. फूल उमलल्यापासून फळ पिकायला दीड ते दोन महिने लागतात, म्हणून हा दोष फेब्रुवारीत दिसतो आणि तोवर थंडी कुणाच्या लक्षात राहत नाही. मोठ्या, अनेक कप्प्यांच्या फळांच्या वाणांत हे जास्त होतं. पुढच्या घोसांतली फळं गोल, स्वच्छ आली असतील तर वाण सोडायचं कारण नाही.

तडकलेलं फळ, काळं बूड, पिवळा खांदा: दोष कुणाचा?

आपल्याकडे बहुतेक वेळा तो पाण्याचा असतो. अनेक गावांत नळाला आठवड्याने पाणी येतं. आल्या दिवशी झाडाला भरपूर मिळतं, मग पाच-सहा दिवस कोरडे जातात. कोरड्यात फळाची साल घट्ट होते आणि एकदम पाणी मिळालं की गर फुगून साल फाटते. अवकाळी पावसानंतर दुसऱ्या दिवशी फुटलेल्या फळांचंही हेच कारण. पातळ सालीच्या वाणांत भेगा जास्त पडतात हे खरं, पण सगळी वाणं एकाच आठवड्यात तडकली असतील तर वाणाला गुण-दोष देऊ नका. एकच वाण सतत, पाणी नियमित असतानाही तडकत असेल, तर तो त्याचा स्वभाव. तेव्हा नोंद अशी करा: एकूण किती किलो, त्यातलं तडकलेलं किती, कोणत्या तारखेला, आणि आदल्या तीन दिवसांत पाणी कसं दिलं.

बूड काळं पडून चामड्यासारखं होणं म्हणजे फळाच्या टोकाला कॅल्शियम न पोहोचणं. इथे बरेच जण आळ्यात चुना टाकतात. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम मुबलक असतं. कमी पडतं ते त्याला वाहून नेणारं पाणी. चुन्याने उलट जमिनीचा सामू (पीएच) वाढतो आणि लोह-जस्त अडकून कोवळी पानं पिवळी पडतात. उपाय असा: भारी जमिनीत हलकं पाणी दर तीन-चार दिवसांनी, झाड लावलेल्या वीस लिटरच्या पिशवीत थंडीत रोज दीड ते दोन लिटर आणि मार्चमध्ये तीन-चार लिटर दोन वेळा विभागून, आणि खोडाभोवती सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट तीन-चार इंच. नुसत्या कोकोपीट-गांडूळखतावर वाढवलेल्या झाडाला मात्र कॅल्शियम खरोखर कमी पडू शकतं. तिथे कॅल्शियम नायट्रेट लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा पाण्यातून द्या. रोमासारख्या लांबट फळांच्या वाणांत हा विकार जास्त दिसतो, आणि तोही बहुधा पहिल्या एक-दोन घोसांवर. तिसऱ्या घोसापासून तो थांबला असेल तर रोमा ठेवण्यासारखंच आहे.

देठाजवळच्या हिरव्या खांद्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण इथे लोक चवदार वाणं फेकून देतात. कच्च्या फळाचा खांदा गडद हिरवा असणं हा काही वाणांचा जन्मजात गुण आहे. बाजाराला एकसारखं दिसणारं फळ हवं म्हणून पैदासकारांनी तो काढून टाकला. २०१२ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की हा खांदा गडद करणारं जनुक फळात हरितद्रव्य वाढवतं आणि त्यातून साखरही वाढते. म्हणजे एकसारखा रंग मिळवताना गोडी थोडी गेली. असा खांदा उशिरा का होईना, लाल होतो. पिकल्यावरही पिवळा, कडक, आतून पांढरा राहणारा खांदा मात्र वेगळा. तो उन्हाने किंवा पालाश (पोटॅश) कमी पडल्याने होतो. पानं करपून फळं उघडी पडली की हाच त्रास वाढतो. फळ कापून पाहा: खांद्याखालचा गर मऊ असेल तर वाणाचा रंग, टणक पांढरा असेल तर विकार.

असमान झाडांची तुलना

पश्चिमेच्या भिंतीलगतची कुंडी संध्याकाळपर्यंत तापते. टाकीच्या सावलीतली थंड राहते. एक वाण इथे आणि दुसरं तिथे लावून तुलना करणं व्यर्थ. प्रत्येक वाणाची किमान तीन झाडं लावा आणि ती एका जागी न ठेवता बागेत विखरून ठेवा. पिशवी सगळ्यांना सारख्या मापाची हवी, मातीचं मिश्रण एकाच ढिगातून भरलेलं हवं. तीन झाडांत एकच मागे पडलं तर त्याचं मूळ उपटून बघा. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी, आणि ते झाड हिशोबातून वगळा.

झुडपी आणि उंच वाढणारी वाणं एका काट्यावर मोजू नका. पुसा अर्ली ड्वार्फ किंवा रोमा बुटकं राहतं आणि बरीचशी फळं महिना-सव्वा महिन्यात देऊन मोकळं होतं. पुसा रुबी वाढत राहतं, घोस येत राहतात. फेब्रुवारीच्या मध्याला वजन केलं तर झुडपी पुढे दिसेल, मार्चअखेरीस उंच वाण. वर्षभराची चटणी किंवा सॉस एकदम करायचा असेल तर पहिलं बरं. रोज दोन-चार फळं लागत असतील तर दुसरं. आणखी एक: उंच वाणाची बगलफूट, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातला फुटवा, काढतात म्हणून झुडपी वाणाचीही काढली, तर तुम्ही त्याची फळंच काढून टाकता. तिथे फक्त पहिल्या घोसाखालचे फुटवे काढावेत.

पाकिटावर लिहिलेले दिवस बहुधा पुनर्लागवडीपासूनचे असतात, पेरणीपासूनचे नाहीत. रोपं साधारण २५ ते ३० दिवसांची असताना लावतात, तेवढी भर घाला. नाहीतर चांगलं वाण ‘उशिराचं’ ठरतं. आणि झाड नुसतं पानांनी भरलेलं, फुलं कमी असं दिसलं तर वाणाआधी युरियाचा आणि कच्च्या शेणखताचा हात आखडता घ्या.

प्रत्येक वळलेलं पान व्हायरस नसतं

‘या वाणाला व्हायरस येतो’ म्हणून झाड उपटण्याआधी पान हातात घ्या. पर्णगुच्छाचा विषाणू पांढरी माशी पसरवते. शेंड्याची नवी पानं लहान होतात, वर वळतात, कडा पिवळ्या पडतात आणि झाडाची वाढ खुंटते. असं झाड लगेच काढा. खालची जुनी पानं मात्र नळीसारखी वळून जाड झाली असतील, शेंडा निरोगी असेल, तर ते ऊन, पाण्याचा ताण किंवा जास्त छाटणी. उत्पन्नाला त्याने फारसा फरक पडत नाही.

तिसरा प्रकार खेड्यांत वरचेवर दिसतो. शेजारच्या उसात, ज्वारीत किंवा गव्हात २,४-डी तणनाशक फवारलं की त्याचा अंश वाऱ्याने येतो आणि टमाटं त्याला फार हळवं आहे. पानं दोऱ्यासारखी अरुंद होतात, देठ-खोड पिळवटतं. शेताकडच्या बाजूची सगळी वाणं दोन-तीन दिवसांत एकदम बिघडतात. मार थोडा असेल तर काही आठवड्यांनी नवी पानं सरळ येतात. तणनाशकाचा फवारा मारलेल्या पंपानेच टमाट्यावर औषध मारलं तरी हेच होतं, म्हणून तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवा.

रोगप्रतिकारक वाण म्हणजे रोग न येणारं वाण, असंही नाही. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचं अर्का रक्षक पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिघांना प्रतिकार करतं. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी त्याचा काहीच उपयोग नाही. ही तीच घाटेअळी, जी तूर-हरभऱ्यावर असते. शेजारी हरभरा असेल तर पोखरलेल्या फळांचा दोष वाणाच्या माथी मारू नका.

चव घेताना

फ्रिजमधलं टमाटं चवीच्या परीक्षेला बसवू नका. १२ अंशांच्या खाली ठेवलेल्या फळाचा वास मंदावतो. बाहेर काढलं तरी पूर्ण परत येत नाही. सारख्या पिकलेल्या, पाणी दिल्यावर किमान दोन दिवसांनी तोडलेल्या फळांच्या फोडी करा. नावं झाका, ताटल्यांना आकडे द्या. आधी नुसती फोड, मग चिमूटभर मीठ लावून. द्राक्ष-डाळिंबवाल्याकडे ब्रिक्समीटर, म्हणजे रसाची गोडी मोजणारं यंत्र, असेल तर दोन थेंब रस मोजून घ्या: साध्या टमाट्यात ४ ते ६, चेरी टमाट्यात त्याहून जास्त येतं. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, आंबटपणाशिवाय टमाट्याला चव नाही.

कच्ची फोड आवडली म्हणून वाण आमटीतही चांगलं ठरत नाही. प्रत्येक वाणाचं अर्धा किलो, एकाच कढईत, एकाच आचेवर वीस मिनिटं शिजवून उरलेलं वजन करा. चपटगोल, आंबट, रसाळ पुसा रुबी सारासाठी आणि आमटीसाठी उत्तम, पण चटणीला आटायला वेळ घेतं. जाड गराचं वाण कोशिंबिरीत पाणी सोडत नाही, चटणी लवकर दाट होते. राहुरी विद्यापीठाचं भाग्यश्री प्रक्रियेसाठीच पुढे आलं. दाण्याच्या कुटाच्या कोशिंबिरीला आणि चटणीला एकच वाण वापरायचा हट्ट कशाला? दोन वाणं ठेवा.

आवडत्या वाणाचं बी धरताना

अर्का रक्षक, अर्का सम्राट, राजश्री, फुले राजा हे संकरित, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून तयार केलेले आहेत. त्यांचं घरचं बी पेरलं तर पुढच्या पिढीत झाडं एकमेकांसारखी येत नाहीत, रोगप्रतिकारही विखुरतो. त्यांचं बी दरवर्षी विकतच घ्या. पुसा रुबी, अर्का विकास, धनश्री, भाग्यश्री किंवा गावरान यांचं बी धरता येतं.

उरलेल्या शेवटच्या फळाचं बी धरू नका. ते रोगट, उन्हाने दमलेल्या झाडाचं असतं. दुसऱ्या ते चौथ्या घोसातली, सर्वांत निरोगी दोन-तीन झाडांवरची पूर्ण पिकलेली फळं घ्या. टमाटं बहुतांश स्वतःच्याच परागावर फळतं, तरी वाणं खेटून असतील तर कळ्या उमलण्याआधी घोसावर जाळीदार कापडाची छोटी पिशवी बांधा. फळ धरलं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधा.

बी रसासकट काचेच्या भांड्यात काढा, वरून पाणी घालू नका. वर कापड बांधून ठेवा. पुस्तकांत तीन दिवस लिहिलेले असतात. आपल्याकडच्या मार्चच्या उकाड्यात २४ ते ३६ तास पुरतात, जास्त ठेवलं तर बी भांड्यातच मोड काढतं. वर बुरशीचा थर आला, गर सुटला की भरपूर पाण्यात खळबळा. तळाला बसतं ते बी ठेवा, तरंगतं ते टाका. वर्तमानपत्रावर पसरलं तर चिकटून बसतं, पत्र्यावर उन्हात ठेवलं तर उगवण मरते. स्टीलच्या ताटलीत, पंख्याखाली सावलीत, रोज हलवत पाच ते सात दिवस वाळवा. मग कागदी पुडीत घालून पुडी घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. पुडीवर वाण, वर्ष आणि झाडाचा आकडा पेन्सिलने लिहा, स्केचपेन उन्हात उडतो. कुंडीतल्या पट्टीवरही पेन्सिलच.

रब्बीची रोपं टाकायला मराठवाडा मुक्तिदिनाचा, म्हणजे १७ सप्टेंबरचा सुमार धरा. त्याआधी पंधरा दिवस प्रत्येक पुडीतले वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उगवण तपासा. सात-आठ दिवसांत पंधरापेक्षा कमी उगवले तर बी दाट टाका, दहाच्या खाली गेले तर नवं आणा.