इंजिन ऑईल गळायलंय? आधी धुवा, मग शोधा, मगच पाना लावा

गाडीखाली ऑईलचा डाग दिसला की आपल्याकडं बहुतेक लोक एकतर "बघू नंतर" म्हणत वरून ऑईल टाकत राहतात, नाहीतर गॅरेजला जाऊन वरवर बघून सांगितलेलं काम करून येतात, आणि मग आठ दिवसात शहाबादी फरशीवर परत तोच डाग. कारण ऑईल जिथून टपकतं तिथूनच गळत असतं असं नाही. ते वर कुठंतरी सुटतं, इंजिनवरून ओघळत खाली येतं, गाडी पळताना हवेनं मागं ढकललं जातं आणि सगळ्यात खालच्या एखाद्या बोल्टाच्या टोकाला जमून पडतं. म्हणून नुसता थेंब बघून पार्ट बदलायचा नाही.

आधी हे बघा की गळायलंय ते इंजिन ऑईलच आहे का. रात्री इंजिनखाली मोठा पुठ्ठा टाका, त्यावर पुढच्या चाकांची खूण करून ठेवा म्हणजे थेंब कुठल्या बाजूचा ते कळेल. एसी लावून आला असाल तर स्वच्छ पाणी पडतंच, त्याचं टेन्शन घेऊ नका. हिरवं, गुलाबी किंवा नारंगी पाण्यासारखं असेल तर कूलंट. लालसर असेल तर बहुतेक पॉवर स्टिअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरचं. घट्ट आणि गंधकासारखा घाण वास येणारं ते गिअर ऑईल. चाकाजवळ पिवळसर पातळ काही दिसलं तर ते ब्रेक ऑईल असू शकतं, मग गाडी अजिबात हलवू नका, मिस्त्रीला घरी बोलवा. इंजिन ऑईल तपकिरी ते काळं असतं, डिझेल गाडीत तर बदलल्यावर थोड्याच दिवसात काळंभोर होतं.

डिपस्टिक म्हणजे ऑईल मोजायची पट्टीही बघा, गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून 10 मिनिटं झाल्यावर. खालच्या खुणेच्या खाली असेल तर आधी ऑईल टाका मग बाकीचं. चालताना ऑईलचा लाल दिवा लागला तर "पुढच्या गावापर्यंत जाऊ" असं करू नका, तिथंच बाजूला घेऊन इंजिन बंद.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, धुणं. आपल्या काळ्या रानातली धूळ ऑईलवर बसून असा थर होतो की जुनी गळती कोणती आणि नवी कोणती काहीच समजत नाही. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, बॅटरीची मायनस वायर काढा, अल्टरनेटर, एअर फिल्टर आणि सेन्सरच्या कनेक्टरला पॉलिथिन गुंडाळा, मग डिग्रीझर म्हणजे ऑईल-ग्रीस सुटवणारा फवारा मारून ब्रशनं घासा. प्रेशरचं पाणी मारू नका, कनेक्टरमध्ये पाणी गेलं की नवीन दुखणं चालू होतं. उन्हाळ्यात टँकरचं पाणी विकत घ्यायची वेळ असते तेव्हा डिग्रीझर आणि ओल्या फडक्यांवरही काम भागतं, वेळ लागतो एवढंच. गॅरेजात डिझेलनं धुतात, पण ते पट्ट्याला आणि रबरी पाईपला लागू देऊ नका आणि पूर्ण सुकल्याशिवाय स्टार्टर मारू नका, आग लागू शकते.

सुकल्यावर संशयाच्या जागी साधी टाल्कम पावडर शिंपडा, पट्ट्याची बाजू सोडून. 10-15 किलोमीटर गाडी चांगली गरम होईपर्यंत चालवा आणि लगेच टॉर्च घेऊन बघा. पावडर जिथं ओली झाली त्यातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा धरायची. काही गळत्या गावात फिरून दिसतच नाहीत, समृद्धी महामार्गावर तासभर एका स्पीडनं पळवली की मगच दिसतात, कारण तेव्हा ऑईल गरम होऊन पातळ होतं आणि दाबही जास्त असतो. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही, स्टँड लावा आणि चाकाला दगड लावा.

जास्त करून गुन्हेगार टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं पॅकिंग असतं, उष्णतेनं रबर कडक होतं आणि कडेनं ऑईल पाझरतं. ते सायलेन्सरच्या गरम मॅनिफोल्डवर पडलं तर सिग्नलला थांबल्यावर जळका वास येतो, याकडं दुर्लक्ष करू नका. लातूरला माझ्या आतेभावाच्या डिझेल गाडीला गिअरबॉक्सच्या जोडाजवळून थेंब पडायचा, मिस्त्री म्हणायला लागला मागचं क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या टोकाला ऑईल अडवणारी रबरी रिंग) गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आम्ही धुऊन पावडर मारली, मोबाईल इंजिनच्या मागं घालून व्हिडिओ काढला, तर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून पावडरवर एक बारीक काळी रेघ सरळ खाली गेलेली. पॅकिंग बदललं, थेंब बंद.

नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर आधी फिल्टर आणि ड्रेन नट बघा. जुन्या फिल्टरचं रबर कधी कधी इंजिनलाच चिकटून राहतं आणि त्यावर नवा फिल्टर बसवला जातो. ड्रेन नटला नवीन वॉशर टाकलंय का तेही विचारा. ऑईल प्रेशर स्विचचं कनेक्टर काढून बघा, आत ऑईल असेल तर स्विच गेला, हे स्वस्तातलं काम आहे. शेतरस्त्यानं गाडी नेत असाल तर चेंबरला, म्हणजे इंजिनखालच्या ऑईलच्या भांड्याला दगड लागलाय का बघा. पट्ट्याच्या बाजूला सगळीकडं ऑईल उडालेलं असेल तर पुढचं क्रँक सील, आणि पट्टा ऑईलनं भिजला असेल तर तोही बदलायचा.

सील बदलायला हो म्हणायच्या आधी ब्रीदर म्हणजे इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि त्याचा पाईप साफ आहे का बघायलाच लावा. तो चोंदला की इंजिनच्या आत दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑईल बाहेर येतं. गाडी चालू ठेवून ऑईलचं झाकण सांभाळून सैल करा, फसफस करून जोरात धूर येत असेल किंवा डिपस्टिक आपोआप वर येत असेल तर ब्रीदर तरी बंद आहे नाहीतर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. मग नुसतं सील बदलून पैसे वाया जातील.

वरून सिलिकॉन फासून देऊ नका, त्याचे तुकडे आत सुटून चेंबरमधल्या जाळीत अडकतात. आणि खरंच मागचं सील गेलं असेल, पावडरनं तसं दिसलं असेल, तर गिअरबॉक्स उतरलाच आहे म्हणून क्लच प्लेटही त्याच वेळी बघून घ्या, मजुरी दोनदा लागत नाही.